उंदरांतील सिऱ्होसिसची असमानता मी कशी कमी केली : माझा अनुभव

पुण्यातील आमच्या प्रयोगशाळेत विस्टार या प्रयोगशाळेतील वाणाच्या उंदरांना पिण्याच्या पाण्यातून ०.०३ टक्के थायोअ‍ॅसिटामाइड हे रसायन देऊन यकृताचा सिऱ्होसिस (यकृतात तंतुमय पट्टे व गाठी तयार होण्याचा विकार) निर्माण केला जात असे. परंतु एकाच गटातील काही यकृते गाठाळ, काही जवळजवळ गुळगुळीत आणि काही उंदीर मध्येच दगावलेले, अशा स्थितीत औषधाची चाचणी घेणे व्यर्थ होते. यकृतातील विकरे या रसायनाचे रूपांतर करतात तेव्हाच ते खरे घातक ठरते, म्हणून प्रत्येक प्राण्याच्या पोटात प्रत्यक्ष किती मात्रा जाते हे महत्त्वाचे असते. आणि एप्रिलच्या उकाड्यात प्राणिगृहाचे वातानुकूलन डळमळले की पाणी पिण्याचे प्रमाणही बदलते.

संस्थेच्या प्राणी-नीती समितीच्या संमतीने मी प्रत्येक उंदराला स्वतंत्र बाटली दिली, दर आठवड्याला वजन केले आणि वजन फार घटल्यास द्रावण सौम्य, फार वाढल्यास तीव्र केले. काम कंटाळवाणे आहे, यात शंका नाही. त्यानंतर मात्र सिरियस रेड रंजनात (तंतुमय ऊती लाल रंगवून दाखवणाऱ्या पद्धतीत) तंतुमय पट्टे आणि गाठी सर्वत्र सारख्या दिसू लागल्या. केवळ रक्तातील ट्रान्सअमिनेजवरून (यकृतपेशींना इजा झाल्यास रक्तात वाढणाऱ्या विकरांवरून) निष्कर्ष काढणे मी टाळतो, कारण प्रस्थापित सिऱ्होसिसमध्येही ती पातळी सामान्य असू शकते.