एआर-१५ रायफलमध्ये पितळी केसची झीज कमी करण्यासाठी गॅस जुळवणी

अमेरिकेत झाडलेली काडतुसं पुन्हा भरून वापरणाऱ्यांच्या केस (काडतुसाची पितळी कवचं) अनेकदा जादा गॅसमुळे खराब होतात; गोळी झाडताना तयार होणारा हाच गॅस रायफलचा बोल्ट मागे ढकलतो. नळीच्या मागच्या कप्प्यातली केसची पकड सुटण्याआधीच बोल्ट उघडतो, एक्स्ट्रॅक्टर (केस बाहेर ओढणारा आकडा) केसच्या बुडाची कड ओरबाडतो आणि केस डिफ्लेक्टरवर (बाहेर पडणारी केस वळवणाऱ्या उंचवट्यावर) आपटून तोंडाशी चेपते. नळीची दिशा घड्याळातले बारा धरली, तर केस एक-दोनच्या दिशेने पुढे उडत असेल तर गॅस जास्त. तीन ते साडेचारच्या दरम्यान पडली तर ठीक. ही खूण ढोबळच आहे, कडेवरचे ओरखडे अधिक खरं सांगतात.

आधी बफर (बोल्टच्या मागे दस्त्यात बसणारं वजन) बदला, ते सोपं आहे. साधा कार्बाइन बफर ३ औंसांचा, त्याहून जड एच२ सुमारे ४.६ औंसांचा. तेवढ्यावर भागलं नाही तर अ‍ॅडजस्टेबल गॅस ब्लॉक (स्क्रूने गॅस कमी-जास्त करता येणारा भाग) बसवा.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून गॅस ब्लॉकचा स्क्रू पूर्ण बंद करा, मग थोडा उघडा. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून झाडा. मॅगझिन रिकामं झाल्यावर बोल्ट मागे अडकून राहायला हवा; अडकला नाही तर स्क्रू एक क्लिक उघडा. सलग पाच वेळा अडकला की आणखी एक-दोन क्लिक द्या; थंडीत, मळलेल्या रायफलमध्ये आणि सौम्य काडतुसांना ही शिल्लक लागतेच. सप्रेसर (आवाज कमी करणारी नळी) लावला तर जुळवणी नव्याने करा.

डिफ्लेक्टरवर वेल्क्रोची मऊ बाजू चिकटवली की चेपण्याचं प्रमाण घटतं.

केस साइझ करताना (साच्यात दाबून मूळ मापाला आणताना) तिचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, ०.००३ ते ०.००४ इंचच मागे ढकला. जास्त ढकलल्यास बुडाजवळ पितळ ताणून पातळ होतं आणि केस तिथेच तुटते. प्रायमर (बुडातल्या पेटवणाऱ्या टोप्या) सपाट झाले किंवा बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) ठसा उमटला, तर गॅसला हात न लावता काडतुसात भरलेल्या दारूचं प्रमाण तपासा.