हार्ड डिस्क दिसत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

कॉम्प्युटरला हार्ड डिस्क दिसेनाशी झाली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘विंडोज परत टाक’. दुसरा, ‘डिस्क गेली, नवी घे’. दोन्ही सल्ले देणाऱ्याने बहुतेक वेळा एक साधा प्रश्न विचारलेलाच नसतो: डिस्क नक्की दिसत नाही कुणाला? बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डमधल्या प्रोग्रॅमला) की विंडोजला?

मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा (काही लॅपटॉपवर एफ१०). तिथल्या स्टोरेजच्या यादीत डिस्कचं मॉडेल दिसतं का ते बघा. तिथेच नसेल, तर विंडोज दहा वेळा टाकलं तरी उपयोग नाही. दोष केबल, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), स्लॉट, बायोसची सेटिंग किंवा खुद्द डिस्कमध्ये आहे. बायोसमध्ये दिसते पण ‘धिस पीसी’मध्ये नाही, असं असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. ते काम बहुधा कॅबिनेट न उघडता होतं.

विंडोज विचारतंय म्हणून ‘ओके’ दाबणं

बराच डेटा याच चुकीने जातो, म्हणून इथे जरा थांबू. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. डिस्क कोरी असेल तर ‘नॉट इनिशियलाइज्ड’ (अजून वापरासाठी तयार केलेली नाही) लिहून येतं. नव्या डिस्कसाठी ते अगदी बरोबर आहे. जीपीटी (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची नवी पद्धत) निवडायचं, पार्टिशन म्हणजे भाग करायचा, फॉरमॅट मारायचा, झालं. एमबीआर ही जुनी पद्धत निवडलीत तर ४ टीबीच्या डिस्कमधले साधारण २ टीबीच वापरता येतात आणि मग ‘दुकानदाराने फसवलं’ म्हणून भांडण होतं.

पण कालपर्यंत फोटो असलेली डिस्क आज ‘इनिशियलाइज करा’ म्हणत असेल, तर ‘कॅन्सल’. ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असं म्हणत असेल आणि पार्टिशनपुढे ‘रॉ’ लिहिलं असेल, तरीही ‘कॅन्सल’. ‘रॉ’चा अर्थ एवढाच की पार्टिशन आहे, पण त्याची फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत) विंडोजला वाचता येत नाही. ती बिघडली असेल किंवा मुळात विंडोजची नसेलच. लिनक्सची किंवा मॅकची डिस्क विंडोजला कळत नाही. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेली डिस्कही बऱ्याचदा कोरी असल्यासारखी दिसते. ती कोरी समजून फॉरमॅट मारली की सोसायटीचं फुटेज गेलंच.

कधी कधी मामला किरकोळ असतो. पार्टिशन ठीक आहे, पण त्याला अक्षर (डी:, ई: वगैरे) नाही: राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून ते द्या. डिस्क ‘ऑफलाइन’ असेल तर डावीकडच्या चौकोनावर राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ करा. मात्र सुरुवातीचं १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन (विंडोज सुरू करणाऱ्या फाइलींचं) आणि रिकव्हरी पार्टिशन यांना अक्षर नसतंच. ‘ही जागा फुकट का?’ म्हणून ती उडवू नका. ईएफआय उडवलंत तर विंडोज चालूच होणार नाही.

केबलकडे न बघता डिस्कला दोष देणं

दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेटमध्ये ब्लोअर मारला आणि त्यानंतर डिस्क गायब झाली, तर आधी संशय केबलवर. साटा या नेहमीच्या जोडणीच्या डिस्कला दोन केबल लागतात: ७ पिनांची डेटाची आणि १५ पिनांची पॉवरची. मशीन बंद करून, वायर भिंतीतून काढून, दोन्ही उपसून पुन्हा घट्ट बसवा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी डेटा केबल, मग मदरबोर्डवरचा पोर्ट, मग पॉवरचं दुसरं टोक. सगळं एकदम बदललं आणि डिस्क दिसू लागली, तरी बिघाड कशात होता ते कळत नाही. डिस्क कधी दिसते, कधी नाही, असं असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘सीआरसी एरर’चा (डेटा जाता-येता झालेल्या चुकांचा) आकडा पाहा. तो वाढत असेल तर डिस्कपेक्षा केबल बदला.

एसएमपीएस नवा घेतला की मॉड्युलर (एसएमपीएसमधून काढता येणाऱ्या) केबल जुन्याच ठेवायचा मोह होतो. हे मुळीच करू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची रचना सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. केबल बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन एका क्षणात सगळ्या डिस्का जळतात.

बाहेरून लावायच्या २.५ इंची डिस्कला यूएसबीवरूनच वीज मिळते. यूएसबी २ च्या पोर्टवर ती ५०० मिलिअँपिअरपर्यंतच धरलेली असते. म्हणून हब, लांब केबल आणि कॅबिनेटचा पुढचा पोर्ट सोडून मागच्या पोर्टला लावून पाहा. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. पिन बसते म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावू नका.

एम.२ म्हणजे एनव्हीएमई असं धरून चालणं

एम.२ म्हणजे मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या चपट्या एसएसडीचा आकार. आकार सारखा, पण आत दोन जाती: साटा आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमई. काही स्लॉट एकच जात ओळखतात. शिवाय अनेक मदरबोर्डवर एम.२ स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. नवी एसएसडी लावली आणि जुनी हार्ड डिस्क गेली, ही तक्रार बरेचदा त्यातलीच. उत्तर मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये असतं, जे कुणी उघडत नाही.

इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज टाकताना डिस्कची यादी रिकामी येते. एसएसडी मेलेली नसते. बायोसमध्ये ‘व्हीएमडी’ (एसएसडी सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तो पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ने द्यायचा.

आधीपासून चालू असलेल्या विंडोजवर मात्र व्हीएमडी किंवा एएचसीआय-रेडची (डिस्क कोणत्या पद्धतीने चालवायची याची) सेटिंग सहज गंमत म्हणून बदलू नका. निळा स्क्रीन येतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवूनच बायोसला हात लावा. जुन्या मशीनवर ही सेटिंग कुणी न बदलताही बदलते: सीआर२०३२ हा मदरबोर्डवरचा सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातं. घड्याळ आणि तारीख चुकलेली दिसली की आधी सेल बदला.

टकटक ऐकूनही चालू ठेवणं

हार्ड डिस्कमधून ठराविक लयीत टकटक येत असेल तर वीज बंद. विंडोजचं चेकडिस्क चालवू नका. ते फाइल सिस्टिम सारखी करण्यासाठी आहे, मरणाऱ्या डिस्कचा डेटा वाचवण्यासाठी नाही. फ्रीझरचा उपाय तर अजिबात नको, आत दव धरतं. घरी झाकण उघडल्याने काम बिघडतं, आणि दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावूनही, कारण त्या डिस्कपुरती नेमकी माहिती तिच्याच बोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेली असू शकते.

बायोसमध्ये डिस्क दिसत नाही म्हणजे डेटा संपला, असंही नाही. २००९ च्या सुरुवातीला सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या अनेक डिस्का फर्मवेअरच्या (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) दोषामुळे अचानक दिसेनाशा झाल्या. आतल्या तबकड्या आणि डेटा शाबूत होता.

वॉरंटी असेल तर आणखी एक बघा. कंपनी डिस्क बदलून देते, डेटा नाही, आणि परत येते ती सहसा दुसरीच डिस्क. डेटा हवा असेल तर रिप्लेसमेंटला देण्याआधीच तो काढून घ्या, आणि रिकव्हरीसाठी सील उघडलं तर वॉरंटी राहते का, हे कंपनीला आधी विचारा.