अमेरिकेत पहिली स्वस्तातली बोट घेताय? या चुका टाळा

इकडे मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिनला तळ्यांवरचा बर्फ वितळला की आपल्यातल्या बऱ्याच जणांना बोटीची हुक्की येते. घर झालं, गाडी झाली, आता बोट. मग मार्केटप्लेसवर सतरा-अठरा फुटी जुन्या बोरायडर (पुढच्या टोकातही बसायला जागा असलेल्या बोटी) ट्रेलरसकट सहा-सात हजारात दिसायला लागतात आणि वाटतं अरे एवढ्यात तर धड सेकंडहँड गाडी पण येत नाही, घेऊन टाकू. घ्या की, नाही कोण म्हणतंय, फक्त स्वस्त बोटीत पैसा नेमका कुठे वाचवलाय आणि आधीच्या मालकाने पाणी कुठे मुरू दिलंय एवढं बघून घ्या.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे नुसतं नाव बघून निकाल लावणं. बेलायनर म्हटलं की कोणीतरी लगेच नाक मुरडतंच. ही कंपनी ऑरिन एडसन नावाच्या माणसाने 1957 मधे वॉशिंग्टन राज्यात काढली, बोट, मोटर आणि ट्रेलर एकाच किमतीत द्यायचा फंडा त्यांनी जोरात चालवला, आणि 1986 ला ब्रन्सविकने ती विकत घेतली. बदनामी झाली ती मुख्यतः त्या काळातल्या फोर्स मोटरींमुळे. क्रायसलरचा आउटबोर्डचा (बोटीच्या मागे बाहेरून टांगायच्या मोटरींचा) धंदा बेलायनरने 1984 मधे घेतला आणि त्याच मोटरी फोर्स नावाने बोटींना लावल्या. त्यामुळे 1988 ची फोर्सवाली कॅप्री आणि वीस वर्षांनंतरची, मर्क्रूझरचं 3.0 लिटरचं इंजिन असलेली 175, या बेलायनरच्या दोन मॉडेलांवर नाव एकच असलं तरी त्यांना एका तराजूत तोलायचं काही कारण नाही. दुसरी मी घेईन. पहिलीत एल-ड्राइव्ह (फोर्सची मोटर आत आणि पंख्याचा भाग बाहेर अशी जोडणी) असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका, पार्ट शोधता शोधता उन्हाळा संपेल. आणि याच्या उलट, भारी ब्रँडची बोट पंधरा वर्षं कव्हर न घालता अंगणात पडलेली असेल तर ब्रँडचं काय लोणचं घालायचंय?

दुसरी चूक, चमक बघणं. विकणारा जेलकोटला, म्हणजे फायबरग्लासवरच्या चकचकीत थराला पॉलिश मारतो, सीटचं व्हिनाइल नवीन करतो, ब्लूटूथ स्पीकर लावतो, की फोटो एकदम झकास. वरून कीर्तन आतून तमाशा. जुन्या स्वस्त फायबरग्लास बोटींच्या ट्रान्समच्या, म्हणजे मागच्या ज्या भिंतीवर मोटर किंवा ड्राइव्ह बसतो तिच्या पोटात बहुतेक वेळा प्लायवुड असतं, खालच्या आडव्या-उभ्या आधारांमधे आणि फ्लोअरमधे पण असतं. कारखान्यातून येताना ते नीट बंद असतं पण मग कोणी शिडी लावायला स्क्रू मारतो, कोणी फिश फाइंडरचा सेन्सर बसवतो आणि भोकात सीलंट भरत नाही, आणि पाणी वर्षानुवर्षं मुरत राहतं. बाहेरून काही कळत नाही.

बघायचं कसं तर स्क्रूड्रायव्हर उलटा धरा आणि प्लास्टिकच्या मुठीने ट्रान्समवर इंच-इंच वाजवत जा, कलिंगड घेताना वाजवतो तसं. खणखणीत टक टक आलं तर ठीक, मधेच आवाज बदलून धब धब यायला लागला तर तिथे लाकूड कुजलंय किंवा फायबर सुटलंय असा संशय घ्या, विशेषतः ड्रेन प्लगच्या भोवती आणि सेन्सरच्या स्क्रूंपाशी. आउटबोर्ड असेल तर मोटर अर्धी वर करा, खालच्या टोकाला धरून वरखाली दाबा आणि दुसऱ्या कोणालातरी ट्रान्सम आणि मोटर जिथे भेटतात तिथे बघायला सांगा. भिंत हलताना दिसली की गाडीत बसा आणि घरी या. मालक तयार असेल तर पाण्याखाली राहणारा एखादा सेन्सरचा स्क्रू काढून बघा, भोकातून चहासारखं तपकिरी पाणी ओघळलं तर अजून काही विचारायची गरज नाही. ट्रान्सम नवीन करायला काही हजार डॉलर जातात, म्हणजे बोटीच्या किमतीएवढंच की.

मग बोटीत चढून सगळीकडे टाचेवर जोर देत चाला. फ्लोअर कुठे मऊ लागतं का? कार्पेट नवीन असेल तर जास्तच शंका घ्या.

काही लोक म्हणतात मग अ‍ॅल्युमिनियमच घेऊ, कटकट नको. बास ट्रॅकर 1978 पासून आहे, बोट-मोटर-ट्रेलर पॅकेजमधे ते पण जुने खेळाडू. पण अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या बोटींच्या ट्रान्सममधे पण बऱ्याचदा लाकूडच असतं, आणि कोणी हौशी माणसाने ते बदलताना दुकानातून तांब्याचं औषध मुरवलेलं प्रेशर ट्रीटेड प्लायवुड आणून घातलं असेल तर ते ओलं झाल्यावर अ‍ॅल्युमिनियमला खात सुटतं, बारीक बारीक खड्डे पडतात. रिव्हेटवाल्या बोटीची टेस्ट सोपी आहे, ट्रेलरवरच प्लग लावून आत गार्डन होजने थोडं, चार-पाच इंच पाणी भरा आणि खाली वाकून कुठला रिव्हेट ठिबकतोय ते खडूने मार्क करा. जास्त भरू नका, पाण्याचं वजन ट्रेलरवर येतं.

वजनावरून आठवलं. फ्लोअरखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो आणि तो एकदा पाणी प्यायला की वाळत नाही. एक घनफूट पाणी म्हणजे 62 पौंडाच्या वर, त्यामुळे फोम भिजलेली बोट कागदावरच्या वजनापेक्षा शेकडो पौंड जड निघू शकते. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर ट्रेलरसकट तोलून घ्या आणि कंपनीच्या आकड्यात ट्रेलर, पेट्रोल, सामान मिळवून ताडून बघा. हे फार कमी लोक करतात, का ते मला कळत नाही.

इंजिनचं थोडक्यात. जायच्या आधी मालकाला सांगून ठेवा की सुरू करून ठेवू नका, आणि पोचल्यावर आधी हात लावून बघा, गरम असेल तर थंड असताना सुरू व्हायचा काहीतरी लोचा लपवलाय. कमी तास वाचून खूष होऊ नका, पंधरा वर्षात नव्वद तास चालली म्हणजे बाकी वेळ रबर वाळत बसलं होतं. स्टर्नड्राइव्हची (इंजिन आत, ड्राइव्ह मागे बाहेर) बेलोज म्हणजे पाणी आत येऊ न देणारी रबरी नळी कधी बदलली, इंपेलर म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचं रबरी चाक कधी बदललं, पावती आहे का ते विचारा. आपल्या थंडीत विंटरायझिंग, म्हणजे हिवाळ्याआधी इंजिनातलं पाणी काढून टाकणं, चुकलं की इंजिनच्या ब्लॉकमधे पाणी गोठून तो फुटतो, त्यामुळे ब्लॉकच्या बाजूला गंजाची आडवी रेघ किंवा इपॉक्सीचा थर दिसतोय का बघा, आणि ऑइलची कांडी काढून ऑइल दुधाळ नाही ना ते पण. पाण्यावर नेऊन फुल थ्रॉटल दिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, होजला मफ्स (इंजिनला पाणी पोचवणाऱ्या रबरी वाट्या) लावून ड्राइव्हवेमधे चालवणं म्हणजे टेस्ट नव्हे. मर्क्रूझर 3.0 असेल तर पूर्ण वेगात 4400 ते 4800 आरपीएम यायला पाहिजे, ते येत नसेल तर का येत नाही हे विकणाऱ्याने सांगायचं, आपण अंदाज करत बसायचं नाही.

आता नवीन बोटीवाल्यांसाठी. जाहिरातीतली किंमत सगळ्यात छोट्या मोटरची असते. सोळा फुटीला 60 हॉर्सपॉवर, दोघं असताना छान पळते, पण मंडळाच्या पिकनिकला सगळे चढले, कूलर चढला, बटाटेवड्यांचे डबे चढले की ती नाक वर करून लोळत राहते. त्यामुळे किमतीची तुलना करायची तर आपल्याला लागेल त्या मोटरची, फ्रेट (वाहतूक), प्रेप (डीलरची तयारी) आणि टॅक्स धरून करा. आणि वीस फुटाखालच्या मोटरबोटींवर कपॅसिटी प्लेट (किती माणसं, किती वजन चालेल त्याची पट्टी) असते ती माणसांच्या आकड्यावर न थांबता पौंडांचा आकडा पण वाचा. आउटबोर्ड असेल तर एकूण आकड्यात मोटरचं वजन पण धरलेलं असतं, आणि 90 ची एखादी फोर स्ट्रोक मोटरच साडेतीनशे पौंडांच्या पुढे जाते. शिवाय मिशिगन लेकवर न्यायची असेल तर सोळा फुटी नकोच, तिथली लाट बघून मग ठरवा. घराजवळच्या तळ्यावर ती मस्त.

कागदांमधे ट्रान्समच्या उजव्या कोपऱ्यातला 12 अक्षरांचा हल नंबर, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, कागदावरच्या नंबराशी जुळवा, 1984 नंतरच्या बोटीत शेवटचे दोन आकडे मॉडेल वर्ष सांगतात, त्यामुळे "2006 ची आहे" म्हणणाऱ्याची 03 निघाली की तिथेच भाव पाडा. ट्रेलरचे कागद वेगळे असतात, ते पण मागा. ट्रेलरच्या टायरवर DOT (डॉट) या अक्षरांपुढच्या कोडातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, 2314 असेल तर तो 2014 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, नक्षी कितीही नवी दिसू दे, त्यावर बोट ओढून हायवेला लागू नका. जाताना सोबत नवीन टायर आणि जॅक घेऊनच जा.