माळावरचं गवत कापल्यावर कार्बनचं काय होतं, घरच्या घरी मोजा

सोलापूर, बारामतीकडच्या माळावर कुसळी, पवन्या, मारवेल असलं गवत असतं, ते कापलं की कार्बन हवेत जातो का? एका वाक्यात उत्तर नाही, पण मोजता येतं. फक्त आपल्या बांधावर नाहीतर पडीक तुकड्यावर करा, नान्नजच्या माळढोक अभयारण्यात घुसू नका.

नंबरप्लेट बनवणाऱ्याकडून पारदर्शक अ‍ॅक्रेलिकचा बिनबुडाचा खोका करून घ्या, अर्धा मीटर उंच (पाण्याचा निळा जार नको, उजेड खातो). आत छोटा फॅन आणि कार्बन डायऑक्साइडचा मीटर, तोही इन्फ्रारेडवाला, कारण स्वस्तातले काही मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाजानं आकडा दाखवतात. खोका बसेल अशी पत्र्याची चौकट दोन ठिकाणी आदल्या दिवशीच जमिनीत ठोकून ठेवा, नाहीतर उकरलेल्या मातीचाच वायू मोजत बसाल.

सकाळी दहाच्या सुमारास खोका ठेवायचा, तीन मिनिटं आकडा लिहायचा, मग उचलून हवा खेळू द्यायची आणि काळं कापड टाकून परत तीन मिनिटं. वाकून बघू नका हां, आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड जवळपास 40,000 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो, बाहेरच्या हवेत सव्वाचारशेच्या आसपास, सगळं रीडिंग वाया. समजा उजेडात आकडा मिनिटाला 6 नं उतरला आणि अंधारात 4 नं चढला, तर श्वसनात गेला 4 आणि पानांनी ओढला 6 अधिक 4 म्हणजे 10, कारण अंधारात ओढणं थांबतं पण श्वसन उजेडातही चालूच असतं.

आता एका चौकटीतलं गवत चार बोटं ठेवून विळ्यानं कापा, दुसरीतलं तसंच ठेवा. पानं गेली की ओढणं लगेच कोसळतं, पण मुळं आणि मातीतले जीवाणू श्वास घेतच राहतात, त्यामुळे काही दिवस उजेडातही आकडा चढताना दिसू शकतो. लोक इथेच थांबतात आणि कापणी वाईट म्हणून मोकळे होतात! आठवड्याला एकदा असं महिनाभर मोजा. श्रावणात ओल असली की नवी पालवी फुटून ओढणं परत सुरू होतं, पण पाऊस उघडल्यावर कापलं तर फुटवा रखडतो, आणि नोव्हेंबरात गवत आधीच वाळलेलं, तेव्हा कापून फरक फार दिसत नाही.

कापलेलं वाळवून तोला, साधारण 45 टक्के कार्बन धरा. ते गुरांपुढे गेलं की जागेवर कुजलं हे वहीत लिहाच, हिशोब तिथेच फिरतो. आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर दोन्हीकडे आकडा उसळेल, तो कापणीचा नाही, कोरडी माती भिजल्यावर जीवाणू एकदम जागे होतात त्याचा असतो, ते रीडिंग वेगळं ठेवा.