परदेशात जेवणावर पैसे उडतात ते या चुकांमुळे

स्वस्त तिकिटासाठी महिनाभर डोकं खपवणारे प्रवासी जेवणाचा विचार मात्र पोटात कावळे ओरडायला लागल्यावर करतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. भूक लागते तेव्हा आपण नेमके एखाद्या प्रसिद्ध चौकात असतो, पाय दुखत असतात, आणि दिसेल त्या पहिल्या खुर्चीत आपण बसतो. इटलीत तर त्या खुर्चीचेही पैसे लागतात. काउंटरपाशी उभ्याने घेतलेली कॉफी स्वस्त, तीच टेबलावर महाग, आणि जेवलात तर बिलात बहुधा माणशी 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, वेगळा. पिशवीत दोन फळं, थोडा ब्रेड ठेवा. पोटाला तेवढा आधार असला की चार गल्ल्या आत जाऊन, दारावरचा दरफलक वाचून मग बसण्याइतका धीर राहतो.

न मागता आलेलं खाणं ही दुसरी चूक. लिस्बनमध्ये टेकतो न टेकतो तोच वेटरने ब्रेड, ऑलिव्ह आणि चीजची छोटी वाटी समोर ठेवली. मला तो पाहुणचार वाटला. बिलात प्रत्येकाची वेगळी ओळ होती. नको असेल तर हात न लावता लगेच परत न्यायला सांगा, तिथे कोणी वाईट वाटून घेत नाही. फ्रान्समध्ये याच्या उलट आहे. जेवताना 'कराफ दो' म्हणून मागितलंत तर नळाचं पाणी फुकट मिळतं, नुसतं 'पाणी' म्हणालात तर बहुधा विकतची बाटली येते.

मोठं जेवण रात्रीवर ढकलू नका. स्पेनमध्ये कामाच्या दिवशी दुपारी 'मेनू देल दिया' मिळतो: दोन पदार्थ, ब्रेड, पेय आणि गोड किंवा कॉफी, सगळं एकाच ठरलेल्या दरात. रात्री सुपरमार्केट गाठा. जपानमध्ये बंद व्हायच्या सुमारास तयार डब्यांवर सूट चिकटवतात, कधी निम्म्या किमतीपर्यंत. जर्मनीत मात्र रविवारी सुपरमार्केट बंद असतात, म्हणून खरेदी शनिवारीच उरका. अडलातच तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात. जर्मनीतल्या बहुतेक प्लास्टिक बाटल्यांवर 25 सेंट अनामत असते, त्या फेकू नका, मशिनमध्ये परत करा.

कार्ड मशिनने 'तुमच्या देशाच्या चलनात?' असं विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनच निवडा.

बजेट मध्येच कोलमडलं तर कृपा करून उपाशी फिरू नका. स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल शोधा. तिथे बरेचदा एक फुकटचं कपाट असतं. निघून गेलेल्यांचा अर्धा पुडा पास्ता, मीठ, तळाशी उरलेलं तेल त्यात सापडतं, आणि रात्रीचं गरम जेवण तेवढ्यावर होतं.

घरून खाऊ नेताना त्या देशाचे नियम आधी वाचा. न्यूझीलंडमध्ये विमानातलं उरलेलं सफरचंद न सांगता बाहेर नेलं तरी 400 न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो.