मेपलच्या गिटार-नेकवर क्लिअर लॅकर मारताय? या चुका टाळा

नेकवरचं लॅकर पांढरं पडलं किंवा हाताला खरखरीत लागलं, की सगळे डब्याला नावं ठेवतात. मराठवाड्यात बहुतेक वेळा दोष हवेचा असतो, नाहीतर काचपेपरचा.

मेपल टणक आणि बारीक छिद्रांचं लाकूड, त्यामुळे सागासारखी छिद्रं भरत बसावं लागत नाही. पण १५० नंबरचा एखादा आडवा ओरखडा कोऱ्या मेपलवर लपून राहतो आणि लॅकरचा पहिला हात बसला की ठळक उठतो. म्हणून १५०, २२०, ३२० यांतली एकही पायरी गाळू नका आणि रेषांच्या दिशेनेच घासा. २२० झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. उठलेले तंतू ३२० ने हलक्या हाताने काढा. मग दिवा तिरपा धरून नेक फिरवून बघा. या तपासणीला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, तरी बहुतेक जण नेमकी हीच टाळतात.

घासलेल्या नेकला उघडा हात लावू नका. केसांचं तेल किंवा गाडीच्या पॉलिशमधलं सिलिकॉन लागलं, तर लॅकर तिथून मागे सरकतं आणि गोल खड्डे पडतात.

आता हवा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, तेव्हा फवाऱ्याचे थेंब नेकवर पोचायच्या आत अर्धे वाळतात आणि वर रवाळ थर बसतो. त्यावर जाड हात मारून तो झाकला जात नाही. पुरतं वाळल्यावर ४०० ने घासा, रिटार्डर थिनर (लॅकर सावकाश वाळवणारं) मिसळा आणि सकाळी लवकर पातळ हात मारा. उकडतंय म्हणून डेझर्ट कूलर मात्र लावू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, कूलरची ओली हवा त्यावर दव धरते आणि लॅकर दुधाळ होतं. पावसाळ्यातही हेच होतं. शिवाय थिनरची वाफ पेट घेते, कूलरच्या मोटरची एक ठिणगी पुरते. तोंडाला साधा धुळीचा मास्क चालत नाही, वाफ अडवणारा कार्ट्रिजचा लावा. दुधाळ डाग पडलाच, तर कोरड्या दिवशी रिटार्डरचा हलका फवारा मारा, बहुधा निघतो.

सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तरी परभणीकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा अकरा वाजेपर्यंत थांबा.

नटची (तारा टेकतात त्या टोकाच्या पट्टीची) खाच, ट्रस रॉडचं (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचं) तोंड आणि बॉडीत बसणारा हीलचा भाग टेपने झाका. हीलवर लॅकर चढलं तर नेक खाचेत घट्ट होतो. फिंगरबोर्ड (बोटं दाबतात ती पट्टी) रोजवूडचा असेल तर तोही झाका. मेपलचा असेल तर त्याला लॅकर हवंच, नाहीतर बोटांचा मळ लाकडात मुरतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरवर पीयू (पॉलियुरेथेन) मारू नका, पीयूच्या थिनरने खालचा थर सुरकुततो.

वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा काचपेपर) मारायची घाई नको. एनसीला तीन-चार आठवडे द्या. नेक नाकाजवळ धरल्यावर थिनरचा वास आला, तर आणखी थांबा. बोअरचं पाणी वापरू नका, क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. ट्यूनरच्या (तारा ताणायच्या खुंट्यांच्या) भोकांत पाणी गेलं तर लाकूड फुगून कडेचं लॅकर तडकतं, म्हणून ती आधी बुजवा. शेवटी नेकची पाठ राखाडी स्कॉच-ब्राइट घासणीने मॅट करा. आपल्याकडच्या घामात चकचकीत पाठीवर अंगठा अडकतो.