घरी विमान बांधताना हात आणि डोळे कसे जपावेत

घरी विमान बांधतो असे सांगितले की लोक उड्डाणातल्या धोक्याबद्दल विचारतात. प्रत्यक्षात ते विमान कित्येक वर्षे जमिनीवरच असते, आणि जे काही रक्त सांडते ते पत्रा, ड्रिल आणि ग्राइंडर यांच्यापाशीच सांडते. अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली. तुमचे काम गच्चीवर असो, बंगल्याच्या पार्किंगमध्ये असो वा पुण्यातल्या नऱ्हे-धायरीच्या भाड्याच्या शेडमध्ये असो, एक उणीव सगळीकडे सारखीच असते. कायद्यामुळे भोसरीच्या कारखान्यात फिरत्या यंत्रावर आवरण आणि हाताशी प्रथमोपचार पेटी असावी लागते. आपल्या शेडमध्ये ती लावा म्हणून सांगायला कोणी येत नाही.

पायरी १ : उजेड, अर्थिंग, बंद पादत्राणे, बाजूनेही झाकणारा चष्मा आणि प्रथमोपचार पेटी या गोष्टी आहेत असे मी धरून चालतो. नंबरचा चष्मा हा संरक्षक चष्मा नव्हे. त्यांत एका गोष्टीची भर घाला : पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन कायम भरून ठेवा. देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद ही पुणेकरांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे, पण हार्डनर (इपॉक्सी हा चिकट राळेसारखा पदार्थ घट्ट करणारे रसायन) डोळ्यांत उडायला वार लागत नाही.

पायरी २ : पत्रा उचलताना आणि कापताना जाड हातमोजे घाला. विमानासाठी वापरला जाणारा २०२४-टी३ या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा पत्रा कापल्यावर त्याची कड वस्तऱ्यासारखी होते. ती कड कानशीने किंवा डीबरिंगच्या (कडेची बारीक धार काढण्याच्या) हत्याराने लगेच मारा. संध्याकाळी सगळ्या कडा एकदम मारू असे म्हणू नका. पत्रा टेबलावरून घसरला तर पकडायला जाऊ नका, पडू द्या.

पायरी ३ : ड्रिलपाशी हातमोजे काढा. सगळे चुकीचे सल्ले येथे जमतात आणि मला स्वतःला सर्वांत जास्त झगडायला लावले तेही याच टप्प्याने, म्हणून तो सविस्तर सांगतो.

‘यंत्रावर काम करताना हातमोजे घालावेत’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते सांगणाऱ्याशी वाद घालण्याचाही कंटाळा येतो. फिरत्या ड्रिलला उघड्या हाताचा निसटता स्पर्श झाला तर कातडी फाटते आणि टाके पडतात. तोच स्पर्श हातमोज्याला झाला तर कापड ड्रिलभोवती गुंडाळले जाते आणि आतले बोट सोबत ओढले जाते. कधी बोटावरची कातडी मोज्यासारखी सोलून निघते, कधी बोटच तुटते. अंगठी, घड्याळ, मनगटावरचा गंडादोरा, ओढणी आणि लांब बाही यांनाही हाच नियम लागू आहे. श्रद्धेचा दोरा कापवत नसेल तर बाही कोपरापर्यंत दुमडून तो दंडावर बांधावा, पण मनगटावर नको.

दुसरी गोष्ट पत्र्याची. जाड तुकड्यात ड्रिल शांतपणे उतरते. पातळ पत्र्यात मात्र ड्रिलचे टोक पत्र्याच्या पार जाते तेव्हा त्याची पूर्ण रुंदी अजून कापायला लागलेलीच नसते. त्या क्षणी ड्रिलचे पीळ कापायचे सोडून स्क्रूच्या आट्यांसारखे वागतात, पत्रा ड्रिलवर वर चढतो आणि चकबरोबर (ड्रिल धरून ठेवणाऱ्या जबड्याबरोबर) गरगर फिरू लागतो. यंत्र मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर ते सेकंदाला २५ झाले. माणसाला हात मागे घ्यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा जरी लागला, तरी तेवढ्यात धारदार कडेचा तो पत्रा पाच वेळा फिरलेला असतो. ‘मी घट्ट धरतो’ या आत्मविश्वासाला त्यामुळे काही अर्थ उरत नाही. घट्ट धरणाऱ्याचा हात जास्त कापला जातो, कारण तो उशिरा सुटतो.

म्हणून पत्रा हाताने धरायचाच नाही. त्याच्याखाली सपाट प्लायवूड घ्या, छिद्र मोठे असेल तर वरूनही एक तुकडा ठेवा आणि ही चळत टेबलाला दोन ठिकाणी सी-क्लॅम्पने आवळा. एक क्लॅम्प पुरेसा आहे असे सांगणाऱ्याचे ऐकू नका. एकाच क्लॅम्पभोवती पत्रा बिजागरीवर फिरावा तसा फिरतो. पत्र्याची लांब बाजू पिलर ड्रिलच्या (उभ्या खांबावर बसवलेल्या ड्रिल यंत्राच्या) खांबाच्या डावीकडे, खांबाला टेकून राहील अशी ठेवा. ड्रिल वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, त्यामुळे पकड सुटलीच तर पत्रा खांबावर अडतो, तुमच्या पोटावर येत नाही. टोक पार होण्याच्या बेतात असताना हँडलवरचा दाब निम्म्याहून कमी करा. आवाज बदलतो, तो ऐकायला शिका. रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) २.४ आणि ३.२ मिलिमीटर छिद्रांना ड्रिल सहसा त्रास देत नाही. त्यापुढच्या मापांसाठी साधे ड्रिल वापरण्याऐवजी पायरीपायरीने रुंद होत जाणारे स्टेप ड्रिल वापरावे, हे माझे ठाम मत आहे.

पंखाच्या फासळ्यांचे वजन कमी करण्यासाठी मोठी गोल छिद्रे पाडावी लागतात आणि त्यासाठी अनेक जण फ्लाय कटर लावतात. या हत्याराचा आडवा दांडा फिरताना दिसेनासा होतो आणि जिथे हवा आहे असे वाटते तिथून पोलादी पाते जात असते. यंत्राचा सर्वांत कमी वेग, दोन्ही हात टेबलाबाहेर, आणि गुडघ्याने दाबता येईल असा बंद करण्याचा स्विच, एवढे जमत नसेल तर तो लावू नये. पत्रा अडकून फिरू लागलाच तर आधी वीज बंद करायची आणि मागे सरायचे. पत्र्याला हात लावायचा तो चक पूर्ण थांबल्यावर. वीज गेल्यावर स्विच चालूच राहिला तर ती परत येताना यंत्र आपोआप सुरू होते, म्हणून नो-व्होल्ट स्टार्टर बसवून घ्या. टेबलावरचा कीस ब्रशने काढा. बोटाने नको, आणि कॉम्प्रेसरच्या हवेने तर मुळीच नको.

पायरी ४ : रिव्हेट मारताना कानांत प्लग घाला.

पायरी ५ : ग्राइंडरच्या नेहमीच्या दगडावर अॅल्युमिनियम घासू नये. मऊ धातू दगडाच्या रंध्रांत भरतो, दगड तापतो आणि फुटू शकतो.

पायरी ६ : इपॉक्सी आणि फोमच्या कामात हातमोजे पुन्हा चढवा, या वेळी नायट्राइल या कृत्रिम रबराचे. हार्डनरमधील अमाइनमुळे त्वचेला एकदा अॅलर्जी जडली की ती बहुधा कायमची असते आणि मग अर्धे विमान तसेच टाकून द्यावे लागते. हाताला लागलेले इपॉक्सी थिनरने पुसू नका, कारण थिनर त्वचेचे तेल काढून टाकतो आणि रसायनाला आत शिरायला वाट मोकळी करून देतो; साबण आणि पाणी वापरा. युरेथेन फोम गरम तारेने कधीही कापू नका, त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो.

पायरी ७ : इतके करूनही लागले तर. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरा. दर मिनिटाला कापड उचलून पाहू नका. हळद स्वयंपाकघरातच राहू द्या, कारण ती भरलेली जखम डॉक्टरांना आधी साफ करावी लागते. बोट नीट वाकत नसेल किंवा त्याचे टोक बधिर असेल तर स्नायुबंध किंवा संवेदना नेणारी नस तुटलेली असू शकते, तेव्हा त्याच दिवशी हाताच्या शल्यविशारदाकडे जा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा; तो भाग थेट बर्फात टाकू नका. १०८ ला फोन दुसऱ्याने करावा, म्हणून ड्रिलच्या दिवशी शेडमध्ये एकटे थांबू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा.

डोळ्यात रसायन गेले तर भरून ठेवलेल्या कॅनच्या पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे डोळा धुवा, मग दवाखान्यात जा आणि डबा सोबत न्या. धातूचा कण गेला तर डोळा चोळू नका. शेजारच्या गाळ्यात रुमालाच्या टोकाने किंवा काडेपेटीच्या काडीने कण काढून देणारा एखादा मिस्त्री हमखास असतो. त्याला नमस्कार करून नेत्रतज्ज्ञाकडे जा, कारण पोलादी नळ्यांच्या कामातला कण बुबुळावर गंजाचे कडे सोडतो. हातोडी किंवा छिन्नी मारताना कण उडाला असेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. असा वेगवान कण डोळ्याच्या आत शिरलेला असू शकतो, आणि आत पोलाद असण्याची शंका असताना एमआरआय करता येत नाही.